वायरलेसवाले दादाआजोबा

लोक वीकएंडला ट्रेकला जातात, सिनेमे बघतात, गेला बाजार कपाट तरी आवरतात. मी जुन्या युद्धांचे फोटो मोठे करून त्यातले डबे बघत बसतो.

डबे म्हणजे रेडिओ. सैनिकाच्या पाठीवर, छातीवर, मांडीवर, जीपच्या मागच्या सीटवर... कुठेतरी एक डबा असतो आणि फोटोखाली लिहिलेलं असतं, 'सैनिक रेडिओवर बोलताना'. तो नेमका कुठला रेडिओ, कधी बनला, त्यावरून किती लांबपर्यंत बोलता येत असेल, हे शोधून काढायचं. बस्स. यातून कोणाचं काही भलं होत नाही. बायको म्हणते, "आठवडाभर लॉग बघून डोळे दुखतात म्हणतोस, आणि शनिवारी हे?" तिला काय सांगणार! हेही लॉग बघण्यासारखंच आहे, फक्त क्लायंट नाही.

हे खूळ कसं लागलं ते आता आठवतही नाही. बहुतेक कुठल्याशा युद्धपटात १९४४ सालच्या सैनिकाच्या पाठीवर व्हिएतनामच्या काळातला रेडिओ दिसला तेव्हा. एकदा डोळ्याला ती सवय लागली की सुटत नाही. लग्नाच्या अल्बममध्ये आपण जसे नवरानवरी सोडून मागे जेवणाऱ्या माणसांकडे बघतो, तसं होतं. सेनापती राहतो बाजूला, आपण त्याच्यामागचा डबा बघतो.

थोडी गंमत सांगतो.

आपण हातात धरायच्या रेडिओला सरसकट वॉकी-टॉकी म्हणतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याचा ज्याला वॉकी-टॉकी म्हणायचे तो एससीआर-३०० हातात मावणारा नव्हताच. तो पाठीवर घ्यायचा. बॅटरी कुठली लावली त्यावर वजन १५ ते १७ किलो, आत १८ व्हॉल्व्ह, एफएमवर चालायचा, पल्ला साधारण ५ किलोमीटर. हातातला होता तो एससीआर-५३६, त्याचं नाव हँडी-टॉकी. वजन सव्वादोन किलोच्या आसपास आणि जमिनीवर पल्ला दीडेक किलोमीटर. दोन्ही शिकागोच्या गॅल्विन कंपनीचे. हीच कंपनी १९४७ मध्ये मोटोरोला झाली. आपल्यापैकी अनेकांचा पहिला मोबाइल ज्यांचा होता, तीच.

या हँडी-टॉकीची एक खोड मला फार आवडते. त्याला वेगळं चालू-बंदचं बटण नव्हतं. अँटेना बाहेर ओढली की सेट चालू, आत ढकलली की बंद. त्यामुळे एखाद्या फोटोत सैनिक कपाळाला आठ्या घालून त्यात काहीतरी महत्त्वाचं बोलतोय आणि अँटेना आत आहे असं दिसलं, की समजायचं... साहेब फोटोसाठी बसलेत! सेट बंद आहे. ऐंशी वर्षांनंतर आपण चोरी पकडली याचा काय आनंद होतो म्हणून सांगू!

अशा बऱ्याच जागा आहेत जिथे माणूस हमखास फसतो. जनरल गुडेरियन यांचा १९४० मधला फ्रान्सच्या मोहिमेतला एक प्रसिद्ध फोटो आहे. ते आपल्या चिलखती गाडीत उभे आहेत आणि खाली टाइपरायटरसारखं दिसणारं एक यंत्र आहे. बरेच जण त्याला रेडिओ समजतात. ते एनिग्मा. त्यातून एक अक्षरही हवेत जात नाही. ते फक्त संदेशाचं कूट करतं. कळ दाबली की दुसऱ्याच अक्षराचा दिवा लागतो, तो बघून शेजारच्याने लिहून घ्यायचं आणि मग रेडिओवाल्याने ते मोर्समध्ये पाठवायचं. आपल्या भाषेत, एन्क्रिप्शन वेगळं आणि नेटवर्क वेगळं.

किंवा ब्रिटिशांचा १९ नंबरचा सेट घ्या. रणगाड्यात बसवायचा. त्याच्या काही फोटोंत तोंडावरची अक्षरं चक्क रशियन असतात. मी पहिल्यांदा बघून ठोकून दिलं होतं की हा रशियन रेडिओ. तसं नव्हतं. मूळ डिझाइन ब्रिटनमधल्या पाय कंपनीचं. पण कॅनडात बनलेले हे सेट मदत म्हणून रशियालाही जायचे, म्हणून इंग्रजी आणि रशियन दोन्ही छापलेलं. दोन भाषांतली ती पाटी तेवढी बघून देश ठरवला की फसलात.

आणि काही ठिकाणी सरळ हात टेकायचे. व्हिएतनाममधला पीआरसी-२५ आणि १९६८ पासून आलेला पीआरसी-७७ बाहेरून जवळजवळ जुळे भाऊ. फरक पोटात. २५ मध्ये एक व्हॉल्व्ह शिल्लक होता, ७७ मध्ये तोही गेला आणि सगळे ट्रान्झिस्टर आले. आता फोटोतून पोट कसं दिसणार? अशा वेळी 'दोन्हींपैकी एक' एवढं लिहून गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला अजून नीट जमत नाही. त्याचीच ही गोष्ट.

तर, फसण्याची सगळ्यात मोठी जागा सांगायची राहिली. ती म्हणजे फील्ड टेलिफोन. जगभरच्या फोटोंमध्ये 'रेडिओवर बोलणारे' म्हणून जे सैनिक दाखवतात, त्यांतले पुष्कळसे टेलिफोनवर बोलत असतात. अमेरिकनांचा ईई-८ चामड्याच्या पिशवीत असायचा. जर्मनांचा बेकेलाइटचा डबा. ब्रिटिशांचा आणि आपल्या हिंदी पलटणींचा टेलिफोन सेट डी मार्क ५, म्हणजे पत्र्याचा डबा, त्यात रिसीव्हर, घंटी वाजवायला फिरवायचा दांडा आणि मोर्ससाठी छोटी कळ. ओळखायचं कसं? अँटेना शोधायची, नसेल तर दांडा शोधायचा, आणि मग तार शोधायची. तार फोटोच्या कडेपर्यंत जाते आणि कडेबाहेर निघून जाते. तार दिसली की विषय संपला.

आता घरची गोष्ट.

माझ्या आजीचे, म्हणजे आईच्या आईचे, थोरले भाऊ मराठा पलटणीत होते. आजी त्यांना दादा म्हणायची, म्हणून आम्ही सगळी नातवंडं दादाआजोबा. मी त्यांना पाहिलेलं नाही. सातारा जिल्ह्यात आजीचं गाव आहे, तिथे मामाच्या घरी सोप्यातल्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे. दगडी भिंतीसमोर तीन सैनिक. मधले दादाआजोबा, मांडीवर डबा आणि कानाला रिसीव्हर. फ्रेमवर गावातल्या पेंटरने लाल रंगात लिहिलंय, 'वायरलेस ऑपरेटर, मराठा पलटण, इटली १९४४'. लहानपणी सुट्टीत गेलो की आजी कौतुकाने सांगायची, "दादा वायरलेसवर हुता. सायबाच्या शेजारी बसून बोलायचा." मी इलेक्ट्रॉनिक्सला अॅडमिशन घेतली तेव्हासुद्धा सगळ्यांनी म्हटलं होतं, दादांवर गेलाय.

मागच्या दिवाळीआधी रंगकाम करताना फ्रेमची काच फुटली. मामा म्हणाला नवीन करतो. मी म्हटलं, आधी स्कॅन करून पाठव. त्याने तालुक्याच्या गावी जाऊन चांगला स्कॅन करून आणला. शुक्रवारी रात्री फाइल आली, शनिवारी सकाळी चहा घेऊन मी बसलो.

अँटेना नाही. हेडफोन नाहीत. डब्याला दांडा. आणि इतकी वर्षं फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेली फोटोची खालची कड आता उघडी झाली होती. तिथे दादाआजोबांच्या बुटाशेजारून एक तार जात होती. सरळ, फोटोच्या बाहेर. डावीकडच्या सैनिकाच्या पायाशी जे मला आयुष्यभर कसलंसं चाक वाटत होतं, ते तारेचं रीळ होतं.

कोड रिव्ह्यूमध्ये सीनियर माणसाची चूक सापडली की कसं वाटतं, तसं मला वाटलं. लगेच फोटोवर लाल बाण काढले, १, २, ३ असे आकडे टाकले आणि फॅमिली ग्रुपवर टाकून दिलं, 'ब्रेकिंग न्यूज! हा वायरलेस नाहीच. साधा टेलिफोन आहे :)'

'साधा' हा शब्द मी लिहिला. आज वाचताना लाज वाटते.

ग्रुपवर कोणीच काही बोललं नाही. एरवी गुड मॉर्निंगच्या फुलालाही दहा जण अंगठे दाखवतात. रात्री मामाचा फोन आला. म्हणाला, "तू बरोबर असशील रे. शिकलेला आहेस. पण म्हातारीला हे कळायची काय गरज होती? धाकट्याने तिला वाचून दाखवलं. सकाळपास्नं नीट जेवली नाही."

मी म्हटलं, मामा, मी फक्त खरं...

"हो, खरंच," मामा म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढच्या शुक्रवारी ऑफिसमधून तसाच स्वारगेटला गेलो आणि गाडी पकडली. काय बोलायचं हे रस्ताभर ठरवत होतो. काही ठरलं नाही.

आजी नव्वदीला आली आहे. कान शाबूत आहेत, नजर बऱ्यापैकी. सकाळी मी तिच्याशेजारी बसलो तर तिनेच विचारलं.

"मग दादा खोटं बोलला व्हय रं?"

मी घाबरलोच. म्हटलं, आजी, ते स्वतः म्हणाले होते का वायरलेसवर होतो म्हणून? तुला आठवतं का?

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा कुठं काय म्हनायचा! तो म्हनायचा शिंगलात हुतो. गावात लोक इचारायची, मंग रेलवेत हुतास का? मास्तरांनी सांगितलं, आरं शिंगल म्हंजी वायरलेस. तवापास्नं समदी तसंच म्हनाय लागली."

म्हणजे ही भानगड होती तर! पायदळाच्या प्रत्येक पलटणीत एक सिग्नल प्लाटून असायची. तारेचे टेलिफोन आणि वायरलेस सेट, दोन्ही कामं तिच्याकडे. दादाआजोबा खोटं बोललेच नव्हते. गावाने त्यांच्या शब्दाचं भाषांतर केलं होतं, आणि पेंटरने ते लाल रंगात लिहिलं होतं.

मी तिला लॅपटॉपवर फोटो मोठा करून दाखवला. हा दांडा, हे रीळ, ही तार. तारेवर बोट ठेवल्यावर ती पुढे वाकली.

"ही तार?"

"हो. जमिनीवरून टाकत न्यायची. साहेबाच्या खंदकापासून पुढच्या कंपनीपर्यंत."

आणि मग आजी जे बोलली ते मी तसंच लिहितो. "दादा म्हनायचा, अंधारात तार मुठीत धरून चालत जायाचं. मूठ रिकामी झाली की समजायचं हितं तुटली. मंग दुसरं टोक हुडकायचं. मी म्हनायची, आसंल कायतरी. वायरलेस म्हंजी बिनतारी, आसं शाळंत सांगितलेलं. मंग बिनतारीवाल्याच्या हातात तार कुठनं आली, ह्ये कदी इचारलंच न्हाई बघ."

मी पण नाही विचारलं. इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर असून.

मग ती एकेक सांगत गेली. विहिरीचा दोर जुना झाला की दादा तो डोळे मिटून मुठीतून सरकवत न्यायचा आणि कुठला पीळ झिजलाय ते बरोबर सांगायचा. त्याने मारलेली गाठ कधी सुटली नाही. उजव्या तळव्यावर आडवे वळ होते. ते कशाचे, हे त्याने कधी सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण मलाही आधी हे फक्त डब्यांपुरतं माहीत होतं. फोटोत रेडिओ रुबाबदार दिसतो, त्याला अँटेना असते. पण त्या काळात सैन्य एका जागी थांबलं की भिस्त तारेवर असायची. वायरलेसवर बोललेलं शत्रूला ऐकू येतं. बॅटऱ्या संपतात. डोंगर मध्ये आला की आवाज पोचत नाही, आणि इटलीत डोंगरांना काय तोटा! तिथे हिंदी सैन्याच्या ४, ८ आणि १० नंबरच्या डिव्हिजन लढल्या. १९४४-४५ च्या हिवाळ्यात आघाडी महिनोन्महिने चिखलात आणि डोंगरात अडकून पडली होती. अशा वेळी तार टाकायची. आणि ती तुटायची. तोफगोळ्याने तुटायची, रणगाड्याच्या पट्ट्याखाली तुटायची, खेचराच्या पायात अडकून तुटायची.

तुटली की कोणीतरी ती जोडायला जायचं. गोळाबारीतच सगळ्यात जास्त तुटणार आणि गोळाबारीतच तिची सगळ्यात जास्त गरज लागणार. म्हणजे बाकीचे खंदकात डोकं खाली घालून बसले असताना हा माणूस बाहेर पडणार. सोबत एक टेलिफोन, पक्कड, चिकटपट्टी. थोडं पुढे जायचं, तारेला टेलिफोन जोडायचा, दांडा फिरवायचा. मागून उत्तर आलं म्हणजे इथपर्यंत तार शाबूत आहे, आणखी पुढे चला. आपण बग शोधताना हेच करतो. इथपर्यंत बरोबर, म्हणजे चूक पुढे. फरक एवढाच की रात्री दोन वाजता सर्व्हर पडल्यावर आपण चिडतो तेव्हा आपल्या आजूबाजूला गोळे पडत नसतात. प्रॉडक्शन इश्यूला 'वॉर रूम' म्हणणं मी तेव्हापासून बंद केलंय.

फोटोतले दादाआजोबा टेलिफोनवर 'बोलत' नसावेत, असं मला आता वाटतं. शेजारी रीळ आहे, तार ताणलेली आहे, दुसरा सैनिक तारेकडे बघतोय. ते बहुधा लाइन तपासत असावेत. पलीकडून आवाज येतोय का, एवढंच ऐकत असतील. हे अर्थात सिद्ध करता येणार नाही. २५ आणि ७७ सारखं, पोट दिसत नाही.

आणि तार तुटली, वायरलेसही बंद पडला, तर? मग निरोप्या. कंपनीचा रनर. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर ज्यांनी पराक्रम केला ते शिपाई नामदेव जाधव हे असेच कंपनी रनर होते. मराठा पलटणीचे. जखमी झालेल्या दोघांना त्यांनी माऱ्यातून, खोल पाण्यातून आणि सुरुंगांमधून वाहून नेलं आणि नंतर शत्रूच्या तीन मशिनगन बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मी हे आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "त्येच्याबी हातात वायरलेस नव्हता तर."

नव्हता आजी.

दुपारी ती जेवली. मी काही फार मोठं काम केलं असं नाही. चूक मी केली होती आणि निस्तरलीही मीच. पण चूक नेमकी कुठे झाली यावर परत येताना गाडीत विचार करत होतो. डबा मी बरोबर ओळखला होता. त्यात बदल नाही. चुकलं ते असं, की डब्याचं नाव कळल्यावर मला वाटलं काम झालं. इतकी वर्षं मी फोटोतली माणसं ओलांडून डबे बघत होतो. हा एससीआर-३००, चला पुढे. पण १५ किलोचा डबा पाठीवर म्हणजे काय, वर हलणारी अँटेना शत्रूला लांबून दिसते म्हणजे काय, हे त्या पाठीला विचारायला पाहिजे होतं. डब्याचं नाव कळलं की त्या माणसाने दिवसभर काय केलं असेल ते विचारता येतं. नाव त्यासाठी हवं. नुसतं बाण काढायला नव्हे.

नव्या फ्रेमवर काय लिहायचं यावर मग घरात मोठी चर्चा झाली. मी म्हटलं 'लाइनमन'. मामा म्हणाला, "नको रे, वीजमंडळातला वाटतो." 'टेलिफोन ऑपरेटर' मी स्वतःच नको म्हटलं. 'सिग्नल प्लाटून' लिहिलं तर परत रेल्वे आडवी येणार. शेवटी मामाने आजीलाच विचारलं, तूच सांग.

तिने फारसा विचार केला नाही.

गेल्या महिन्यात मामाने नव्या फ्रेमचा फोटो पाठवला. पट्टी या वेळी बारीक घेतली आहे, खालची तार दिसते. पेंटर तोच, रंगही तोच लाल. लिहिलंय, 'आमचे दादा. मराठा पलटण, इटली १९४४. तार जोडायचे.'

या वेळी ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले. मी काही लिहिलं नाही. गप्प बसायची प्रॅक्टिस चालू आहे.